पोरगा कुणाचा?

पूर्वी गावात एखादा पोरगा भर दुपारी रस्त्याने चालला असला, की पारावरचा म्हातारा त्याला हाक मारी. "ए, इकडं ये. कुणाचा रे तू?" पोरगा थांबे. बापाचे नाव सांगे. मग म्हातारा म्हणे, "अस्सं! त्याचा होय तू? मग शाळेच्या वेळेला इकडं कुठं?" पोरगा खाली मान घालून मागे फिरे. संध्याकाळी ही गोष्ट त्याच्या घरी पोचलेली असे.

हा प्रश्न तुम्हीही लहानपणी ऐकला असेल. आम्हीही ऐकला आहे. तेव्हा त्या म्हाताऱ्याचा राग येई. आता वाटते, त्या एका प्रश्नात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, या पोराला बाप आहे. दुसरी म्हणजे, बाप समोर नसला तरी विचारणारे कुणीतरी आहे.

आज तो प्रश्न फारसा ऐकू येत नाही. पुलाच्या कठड्यावर पाच पोरे मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात. आपण बघतो आणि पुढे जातो. का? कारण विचारायला गेले तर पोरगा उलट बोलेल. त्याचा बाप भांडायला येईल. "माझ्या पोराला बोलणारा तू कोण?" असे म्हणेल. मग माणूस म्हणतो, जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय.

आणि बाप तरी कुठे असतो? तो रानात असतो. गिरणीत असतो. ट्रकवर असतो. घरी येतो तेव्हा पोरगा झोपलेला असतो. पोराचे दुखणे, शाळा, अंघोळ हे सगळे बायकांचे काम, असे आपण ठरवून टाकले आहे. बापाचे काम दोनच. पैसे आणायचे आणि चुकला तर बडवायचे. आम्ही तुम्हाला नावे ठेवत नाही. आमच्यातले बहुतेक असेच वाढले आहेत.

पण जुन्या काळी सगळेच बाप असे होते, असे मात्र समजू नका. आणि सगळे शेजारीही गप्प बसणारे नव्हते. दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पुण्याची आहे. गोविंदराव फुले हे माळी. फुलांचा धंदा करीत. त्यांच्या घरी १८२७ साली मुलगा झाला. त्याचे नाव जोती. मूल वर्षाचेही झाले नव्हते, तोच त्याची आई चिमणाबाई वारली. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. नात्यातल्या सगुणाबाईंनी पोराला सांभाळले.

जोती सात वर्षांचा झाला. बापाने त्याला शाळेत घातले. पोरगा हुशार निघाला. पण लोक काय गप्प बसतात? कुणीतरी गोविंदरावांच्या मनात भरवून दिले, की शिकून पोरगा बिघडेल, कामाचा राहणार नाही. बाप घाबरला. त्याने जोतीला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले.

पोरगा दिवसभर मळ्यात राबे. पण वाचायचे त्याने सोडले नाही. हे शेजारच्या दोघांच्या नजरेला आले. एक होते गफारबेग मुन्शी. ते फारसीचे शिक्षक होते, धर्माने मुसलमान. दुसरे होते लिजिटसाहेब, ते ख्रिस्ती. पाहा, हे दोघे ना भावकीतले, ना जातीतले. शेजारच्या माळ्याचा पोरगा शिकला काय आणि न शिकला काय, त्यांचे काय बिघडत होते? पण ते गोविंदरावांना भेटले. या पोराची बुद्धी मळ्यात वाया घालवू नका, असे त्यांनी समजावले.

आणि गोविंदरावांनी ते ऐकले. ही गोष्ट लहान नाही. एकदा घेतलेला निर्णय बापाने माघारी घ्यायचा, आणि तोही परक्याच्या सांगण्यावरून! आपल्यातले किती जण घेतील? १८४१ साली जोती पुन्हा शाळेत गेला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याच्यापेक्षा लहान पोरे वर्गात असणार. पण गेला.

त्याच पुण्यात गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोती तिथे जाई. दांडपट्टा शिके, नेमबाजी शिके. तालमीतला वस्ताद म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. वस्तादाला पोराचा दम कळतो आणि खोटही कळते. पोरगा काल रात्री कुठे होता, हेसुद्धा त्याच्या बैठका बघून वस्ताद ओळखतो. बापाला जे कधी सांगितले नसते, ते पोरगा लाल माती अंगाला लावताना वस्तादाला सांगून टाकतो.

या जोतीचे पुढे महात्मा फुले झाले. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले. आणि आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ही शाळा काढली म्हणून लोकांनी गोविंदरावांवर दडपण आणले. तेव्हा त्याच गोविंदरावांनी १८४९ साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. पहिल्या वेळी बापाने दोन भल्या माणसांचे ऐकले. दुसऱ्या वेळी बाप चारचौघांच्या बोलण्याला भ्याला. बापाच्या कानाशी कोण बसलेले आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

जोतीरावांना स्वतःचे मूल झाले नाही. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी एका विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. तो यशवंत. यशवंत पुढे डॉक्टर झाला.

दुसरी गोष्ट मुंबईची आहे. ही आम्हाला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार होते. फौजेच्या शाळेत त्यांनी पुष्कळ वर्षे शिकवले. पुढे पेन्शनीत निघाले. बायको वारली. पदरात पोरे. सगळ्यात धाकटा भीम. आई गेली तेव्हा भीम जेमतेम पाच वर्षांचा होता. रामजींनी मुंबईत परळला चाळीत एक खोली घेतली. एकच खोली. तिथेच चूल, तिथेच जळण, तिथेच भांडी, तिथेच माणसे. निजायला जागा पुरत नसे. पोराच्या उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी, अशी अवस्था.

अशा खोलीत अभ्यास करायचा कसा? रामजींनी एक युक्ती काढली. भीमाला लवकर निजवायचे. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे. दोन वाजले की पोराला उठवायचे आणि मग आपण निजायचे. घर झोपलेले असे. मिणमिणता दिवा असे. पोरगा वाचीत बसे.

आता विचार करा. पोराला शाळेत घातले, फी भरली, की आपले काम संपले असे आपल्याला वाटते. रोज रात्री दोन वाजेपर्यंत डोळे ताठ ठेवून बसलेला बाप तुम्ही पाहिला आहे काय?

रामजींचे पेन्शन तुटपुंजे होते. भीमाला तर पुस्तकांचा नाद. नवे पुस्तक हवे, असे त्याने म्हणायचा अवकाश, रामजी बाहेर पडत. त्यांच्या दोन मुली लग्न होऊन मुंबईतच राहत होत्या. एकीकडे जात, उसने मागत. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे जात. पैसे नसले तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. रामजी तो गहाण ठेवीत, पुस्तक आणीत. पेन्शन आले की दागिना सोडवून मुलीला परत देत. हे त्यांनी एकदा नाही, कित्येकदा केले. लेकीच्या दारात उसने मागायला जाताना बापाला काय वाटत असेल, ते ज्याला लेकी आहेत त्यालाच कळेल. आणि त्या दोन बहिणींचे नाव सहसा कुणी घेत नाही. मंजुळा आणि तुळसा. आपण घेऊ या.

पण एकटा बाप सगळीकडे पुरत नाही. शाळा सुटल्यावर भीम चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे गुरुजी येत. ते मोठे ग्रंथकार होते. इतर पोरे खेळत असताना हा एक पोरगा रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांनी पाहिला. त्यांनी काय केले असेल? तोच आपला प्रश्न विचारला. तू कोण, कुणाचा, काय वाचतोस? भीम महार जातीचा होता. त्या काळी त्याला वर्गात शिवत नसत. केळुसकरांनी त्याच्याशी ओळख ठेवली. त्याला पुस्तके देऊ लागले.

१९०७ साली भीम मॅट्रिक पास झाला. लोकांनी त्याच्या कौतुकाची सभा भरवली. केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला बक्षीस दिले. पुढे कॉलेजच्या मधल्या परीक्षेनंतर रामजींचे हात टेकले. पैसाच उरला नाही. तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी महिना २५ रुपये लावून दिले. त्यावर भीमरावांनी बी. ए. पुरे केले. रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी भीमराव शिकायला अमेरिकेला गेले. बापाला ते बघायला मिळाले नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सगळ्यांना माहीत आहे. रात्री दोन वाजता उठवणारा बाप आणि बागेत विचारपूस करणारा गुरुजी, हे दोघेही माहीत असावेत म्हणून सांगितले.

तुम्ही म्हणाल, ही मोठ्या माणसांची गोष्ट. आमच्या पोरांना कुठे एवढे व्हायचंय? खरे आहे. पण रामजींना तरी काय ठाऊक होते? त्यांना समोर दिसत होता तो फक्त झोपाळू डोळ्यांचा पोरगा.

खानदेशात अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे होते. ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. कपड्यांच्या घड्या घालीत. कोणी आजारी पडला तर उशाशी बसून राहत. पोरे आधी लाजली आणि मग आपणच खोल्या झाडू लागली. झाडू हातात घेतल्याने पुरुषाचे काही कमी होते, असे त्या माणसाला कधी वाटले नाही.

हे झाडूचे काम आम्ही मुद्दाम काढले. कारण बापपण पोरगा चौदा वर्षांचा झाल्यावर सुरू होत नाही. ते पाळण्यापासून सुरू होते.

आपल्याकडे एक रीत होती, अजूनही कुठे कुठे आहे. वडीलधाऱ्यांसमोर तरण्या बापाने आपले मूल उचलून घ्यायचे नाही. मूल रडरड रडले तरी बाप भिंतीकडे बघत बसणार. घेतले तर लोक म्हणणार, बायकोच्या आहारी गेला. आमच्या रात्रीच्या वर्गातले एक आजोबा आम्हाला म्हणाले, "गुरुजी, मी माझ्या पोराला कडेवर घेतलंच नाही. आबा असायचे समोर. आबा गेले तवर पोरगा मिशीवाला झाला." सगळे हसले. आजोबाही हसले. मग थोडा वेळ कुणीच बोलले नाही.

बापाने काय काय करता येते? मुलाला टोचायला नेता येते. जन्मल्यावर लगेच, मग दीड महिन्याने, अडीच महिन्याने, साडेतीन महिन्याने आणि नऊ महिने पुरे झाल्यावर, अशा वेळा असतात. पुढेही असतात. आता तुम्हाला वाचता येते. माता-बाल संरक्षण कार्डावर तारखा लिहिलेल्या असतात. त्या तुम्हीच वाचा. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यायचे, पाणीसुद्धा नाही. दूध बापाला पाजता येत नाही हे खरे. पण घागर आणता येते, भाकरी थापता येते, रात्री मूल घेऊन फेऱ्या मारता येतात. बाळंतिणीची झोप झाली तर दूध नीट येते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला यासाठी १५ दिवसांची रजा मिळते. शेतकऱ्याला कोण रजा देणार? त्याने आपली आपणच घ्यायची.

आणखी एक. जन्मताना बाळाचे वजन अडीच किलोच्या खाली असले, तर ते कमी धरतात. अशा बाळाला ऊब फार लागते. दवाखान्यात सांगतात, की बाळाला टोपडे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर छातीला छाती लावून ठेवा, वरून कापडाने बांधा. कांगारू नावाचा प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, तसे. आईला ताप असला किंवा ती थकली, तर बापाने शर्ट काढून तसेच घ्यायचे. बापाच्या छातीची ऊब बाळाला तशीच लागू पडते. आमच्या ओळखीच्या एका जवानाला नर्सबाईने असे बसायला सांगितले. तो लाजून चूर झाला. "सिस्टर, दार लावा," म्हणाला. चौथ्या दिवशी मात्र त्याने आपल्या वडिलांनाच आत बोलावले. "बघा आबा, कसं झोपलंय!"

ज्या बापाने पोराला असे छातीवर घेतले आहे, त्याला पुढे पोराशी बोलायला जड जात नाही, असे आम्ही पाहिले आहे.

आता आमची एक चूक सांगतो. लपवून काय करायचे?

एका गावात आमचा रात्रीचा वर्ग होता. आठवीतला एक पोरगा गुटखा खाताना आम्हाला दिसला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी मिळायची थांबलेली नाही. आम्हाला वाटले, गप्प बसायचे नाही. त्याचा बाप चावडीवर बसला होता. आम्ही तिथेच गेलो आणि दहा माणसांसमोर म्हणालो, "तुमच्या पोराकडं लक्ष आहे का? काय खातोय बघा जरा." बाप काहीच बोलला नाही. उठला, घरी गेला आणि पोराला चाबकाने फोडून काढले. पोरगा रात्रीच पळाला. दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी मावशीच्या गावी सापडला.

पोराची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "पोरगं चुकलं, कबूल. पण तुम्ही माझ्या मालकाला लोकांत का खाली बघाय लावलं? त्यांनी सगळा राग पोरावर काढला." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

गफारबेग आणि लिजिटसाहेब गोविंदरावांना भेटले, तेव्हा चांगले काय ते आधी सांगितले असणार. पोरगा हुशार आहे, म्हणाले. आम्ही वाईट तेवढे सांगितले, आणि तेही चावडीवर. त्यानंतर आम्ही ठरवले. पोराच्या बापाशी बोलायचे ते त्याच्या बांधावर जाऊन, दोघांतच. आणि आधी पोराचे एक तरी चांगले सांगायचे. चांगले सापडेपर्यंत बोलायला जायचेच नाही.

त्याच गावात आम्ही पोरांसाठी दर शनिवारी सभा सुरू केली होती. पहिल्या दिवशी चाळीस पोरे. आम्ही व्यसन, शील, देश यांवर भाषण दिले. चौथ्या शनिवारी तीन पोरे उरली. त्यातला एक आमच्याच शिपायाचा मुलगा. मग भाषणे बंद केली. गावात कोणाच्या हातात काय कसब आहे ते पाहिले. एक गवंडी, एक वायरमन, एक शेळ्यांना औषध देणारे, एक भजनी बुवा, एक तालीमवाले. प्रत्येकाने दोन-दोन पोरे बरोबर घ्यायची. रविवारी कामावर न्यायची. काम करता करता जे बोलणे निघेल ते निघेल.

पुष्कळ निघाले. आवाज फुटतो, मिसरूड येते, रात्री कपडे खराब होतात, हा आजार आहे का? पोरीकडे बघावेसे वाटते, मग काय करायचे? रस्त्यावर पोरींना चिडवले नाही तर दोस्त बायल्या म्हणतात. घरी बाप आईला मारतो, तेव्हा मी मधे पडू का? हे प्रश्न कुणी सभेत विचारत नाही. विटा उचलताना विचारतो. गवंडीभाऊ चौथी शिकलेले. त्यांना शास्त्र येत नव्हते. पण त्यांनी पोराला हसून उडवले नाही. "मलाबी झालं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारू," म्हणाले आणि खरेच विचारून आले. मुंबईत १९९३ साली काही पुरुषांनी 'मावा' नावाची संस्था काढली. बायकांवर हात उगारणे थांबवायचे तर पुरुषांनीच पुरुषांशी बोलले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तरण्या पोरांशी ते हेच बोलतात.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सगळीच मोठी माणसे भली नसतात. पोराच्या अंगाशी वाईट चाळे करणारेही असतात. मुलीला जपायचे तसेच मुलालाही जपायचे. २०१२ चा पोक्सो कायदा अठराच्या आतल्या मुलालाही लागू आहे. म्हणून आमचा नियम असा, की पोरांना न्यायचे ते उघड्यावर, दोन पोरे बरोबर, आणि घरी सांगून. पोरगा एखाद्या माणसाकडे जायला नको म्हणाला, तर जबरदस्ती करायची नाही. का नको, ते हळूच विचारायचे. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत. तो पोरांना पाठ करून ठेवा.

आता शेवटची हकीकत. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरातले एक गाव. पाऊस कमी, माळरान फार. दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. पोरे आजीजवळ राहतात, नाही तर फडावर जातात.

अशाच एका घरचा सोळा वर्षांचा पोरगा. दहावीत होता. आईबाप कोल्हापूरकडच्या फडावर. घरी आजी आणि चुलता. पोरगा रोज संध्याकाळी एका मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसे. पाने देई, चाकाची हवा भरी. दुकानदार त्याला चहा पाजी, कधी दहा-वीस रुपये देई. एवढीच ओळख.

एकदा पोरगा चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा दुकानदाराने विचारले, "काय रं, कुठं होतास?" पोरगा म्हणाला, "माझं लगीन ठरतंय." चुलत्याने पोरगी पाहिली होती. ती पंधरा वर्षांची. लग्न झाले की जोडी झाली. जोडी झाली की कोयता झाला. कोयता झाला की उचल मिळणार. पोरालाही त्यात गोडी वाटू लागली होती. चुलता म्हणाला होता, उचलीतून तुला मोटारसायकल घेऊ.

दुकानदाराने उपदेश केला नाही. त्याने पोराकडून बापाचा नंबर घेतला. रात्री नऊ वाजता, माणसे फडावरून कोपीवर आल्यावर फोन लावला. आधी म्हणाला, "तुमच्या पोराच्या हातात लई कसब हाय. इंजिन खोलून दाखवलं परवा." मग बाकीचे सांगितले. बाप पलीकडे गप्प. मग म्हणाला, "मला कुणी विचारलंच न्हाई."

मुकादम सोडीना. काम बुडवले तर खाडा पडतो, उचलीतून पैसे कापतात. बाप म्हणाला, कापा. एसटीने रात्रभर प्रवास करून आला. घरी न जाता आधी दुकानातच आला. पोराशेजारी टायरवर बसला. पुष्कळ वेळ काहीच बोलला नाही. बोलायची सवयच नव्हती. मग म्हणाला, "तुझ्या आधी एक झालं होतं. मी सतरा वर्षांचा, तुझी आई पंधरा. फडावरच झालं. चार दिवस होतं. ऊस तोडता तोडता गेलं. आम्ही ते बांधालाच ठेवलं अन् दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधल्या."

पोराला हे माहीत नव्हते. सोळा वर्षे एका घरात राहून माहीत नव्हते.

बाप मग घरी गेला. भावाला म्हणाला, लग्न होणार नाही. भाऊ चिडला, भांडण झाले. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आले. गावात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पुरे झाल्याशिवाय लग्न लावले तर लावणाऱ्यांवर गुन्हा होतो, हे त्यांनी दोन्ही घरी जाऊन सांगितले. बाप तिसऱ्या दिवशी फडावर परत गेला. पण तेव्हापासून रोज रात्री नऊला त्याचा फोन येई. आधी दोन मिनिटे, मग जास्त. काय जेवलास? गणित किती झालं? दुकानात कुठली गाडी आली होती?

पोरगा दहावीला गणितात नापास झाला. जुलैत पुन्हा बसला, पास झाला. पुढे त्याने आयटीआयला मोटार मेकॅनिकसाठी अर्ज केला. दुकानदार त्याच्याबरोबर तालुक्याला गेला होता.

त्या पावसाळ्यात बाप आमच्या वर्गाला येऊ लागला. मागच्या ओळीत बसे. आम्ही विचारले, "आताच का मनात आलं?" म्हणाला, "पोराच्या कागदावर बापाची सही लागती. दरवेळी अंगठा लावतो. आता लिव्हायचं."

अर्ज भरायच्या दिवशी पोरगा कागद घेऊन वर्गावरच आला. पोरांच्या कागदावर आता आईचेही नाव लिहितात. ते वर लिहिलेले होते. बापाने ते आधी बोट ठेवून वाचले. मग खाली आपली सही करायला बसला. अक्षरे मोठी येत होती. नाव झाले, बापाचे नाव झाले आणि आडनावाला रेघेवर जागाच उरली नाही.

"आता काय करायचं, गुरुजी?" त्याने विचारले.

पोरगाच म्हणाला, "खाली लिहा, दादा. चालतंय."